केतकीशी मराठी बोलायचं नाही

"मावशी, पाणी दे की."

केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उन्हातनं खेळून आलेली, गाल लाल झालेले, हातात तिचा तो कडेला चेपलेला पेला. माझे हात पिठात होते. रोजच्यासारखी उठायला गेले आणि मला आठवलं, आजपासनं नियम. मी परत खाली बसले आणि कणीक मळायला लागले.

"अनसामावशी, पाणी."

मी माठाकडं बोट केलं आणि म्हटलं, "वॉटर?" एवढंच शिकवलं होतं मला. तिनं तोंडानं वॉटर म्हणायचं आणि मग मी पाणी द्यायचं. ती माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, मावशी थट्टा करतीय. पुन्हा पाणी म्हणाली, मी पुन्हा वॉटर म्हटलं. असं दोन-चारदा झालं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती परत फिरली, अंगणातल्या नळाला तोंड लावून प्याली आणि फ्रॉकला तोंड पुसत पोरांच्यात गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी माझ्या चपात्या अशा वातड झाल्या की माझ्याबरोबर स्वयंपाकाला असणारी बायजा म्हणाली, अनसे, ह्या पोरांना वाढायच्या का चपलेला तळ म्हणून लावायच्या?

हे सगळं मिरजेजवळ आमच्या संस्थेत घडलं. टाकलेली, हरवलेली, आईबापाविना राहिलेली लेकरं आमच्याकडं यायची. कुणी दत्तक जायची, कुणी तिथंच मोठी व्हायची. मी तिथं सांभाळायला होते. मला मूल नाही, नवऱ्यानं त्यापायीच मला माहेरी आणून सोडलं, हे एकदाच सांगते आणि सोडून देते. संस्थेतली सगळी लेकरं आम्हा बायकांना मावशीच म्हणायची. पण केतकी मला मावशी म्हणायची तेव्हा त्यात वेगळं काहीतरी असायचं, मग तुम्ही मला वेडी म्हणा. सरकारी दवाखान्यातनं आली तेव्हा मुठीएवढी होती. दूध ओढायची ताकद नव्हती, चमच्यानं घालून जगवली मी तिला. डॉक्टर म्हणाले होते, आशा ठेवू नका. मी ठेवली.

मोठ्या लेकरांना सहसा कुणी नेत नाही. सगळ्यांना तान्हं पाहिजे असतं. केतकी सहा वर्षांची झाली तेव्हा आम्ही धरूनच चाललो होतो की ही इथंच राहणार. आणि खोटं कशाला बोलू, मला ते बरंच वाटत होतं. तर न्यूझीलंडच्या एका नवरा-बायकोनं तिला पसंत केलं. कागद झाले, कोर्ट झालं. नलूताईंनी पेढे वाटले. नलूताई म्हणजे आमच्या अधीक्षिका. शिस्तीच्या कडक, पण पोरांसाठी रात्रीचा दिवस करणारी बाई. मीसुद्धा पेढा खाल्ला. गोड लागला नाही.

आता नियमाचं सांगते. केतकीच्या आधी आमच्याकडचा मुकुंद असाच परदेशी गेला होता. पाच वर्षांचा होता. विमानातच त्याचा कान ठणकायला लागला. दुखतंय, दुखतंय म्हणून तो रडत राहिला आणि त्या बिचाऱ्या आईबापाला वाटलं, पोराला घरची आठवण येतीय. कडेवर घेऊन फिरवलं, खेळणी दिली, चॉकलेटं दिली. कळेपर्यंत पडदा फाटून पू आला. एका कानानं पोर कायमचं बहिरं झालं. हे कळलं त्या दिवशी नलूताई जेवल्या नाहीत. म्हणाल्या, आपण त्याला नवे कपडे दिले, बूट दिले, तोंडात चार शब्द दिले नाहीत.

म्हणून केतकीसाठी त्यांनी प्रज्ञाबाईंना आणलं. नुकतीच बी.एड. झालेली, बारीक चणीची, हसऱ्या तोंडाची मुलगी. तिची शिकवायची रीत चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. व्हरांड्यात सतरंजी टाकायची आणि टोपलीतनं एकेक वस्तू काढायची. साबण, फणी, चमचा, टॉवेल. नाव घेतलं की वस्तू हातात. आधी रोजच्या जगण्याचे शब्द, भूक, तहान, झोप, शी-शू. मग अंगाचे, आणि कुठं काय दुखतंय ते. इयर हर्ट्स हे तर रोज म्हणून घ्यायची, देवाचं नाव घेतल्यासारखं. ते झालं की शाळेतले शब्द. तिथं गेल्या गेल्या केतकी वर्गात बसणार, तिथल्या बाई म्हणणार, सारखं कुठलं वेगळं कुठलं, आधी काय नंतर काय, जास्त कशात कमी कशात. हे कळलं नाही तर लेकरू हुशार असून ठोंब्यासारखं बसून राहील, असं प्रज्ञाबाई म्हणायची. मग दोन चपला घेऊन सेम, एक चप्पल एक बूट घेऊन डिफरंट. शेंगदाण्याचे दोन ढीग करून मोअर आणि लेस.

केतकी उचलायची पण पटापटा. तरी नुसत्या तासाला बोलायची आणि उठली की मराठी. तेव्हा प्रज्ञाबाई म्हणाली, शब्द गरजेला वापरला तरच टिकतो. आणि नलूताईंनी नियम काढला. मोठ्या माणसांनी केतकीशी मराठी बोलायचं नाही. तिनं मराठीत मागितलं तर द्यायचं नाही. बाकी पोरांना कोण आवरणार, ती आपापसात बोलायचीच, पण आम्ही मावशांनी नाही. मावशी म्हणायचं नाही, आंटी म्हणायचं. तिच्या भल्यासाठीच होतं सगळं. मुकुंदाचा कान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, माझ्यासुद्धा. मी काय तोंडानं नाही म्हणणार?

पण त्या नळाच्या पाण्यानं मला हलवलं. मी म्हटलं, आपलं लेकरू आपल्याशी इंग्रजीच बोलणार असेल तर आपणच इंग्रजी शिकू. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, त्यातली सहावी दोनदा. दुपारी लसणाच्या कुड्या घेऊन व्हरांड्यात मागं बसायला लागले. केतकी म्हणेल ते मनातल्या मनात म्हणायची. मग चपात्या लाटताना बायजाला ऐकवायची, वॉटर, सॉल्ट, हॉट, व्हेरी हॉट. बायजा म्हणायची, मडमीण झालीस गं तू, आता तव्याला काय म्हणतात तेवढं सांग. ते काही मला येत नव्हतं. दूधवाल्याला गुड मॉर्निंग म्हटलं तर तो भिऊन माप जास्त घालून गेला. हसायचो आम्ही.

हळूहळू केतकीही बोलायला लागली. आंटी, वॉटर प्लीज. आंटी, आय अॅम हंग्री. मी लगेच उठून द्यायची. नियम पाळून का होईना, माझ्या हातनं तिच्या तोंडात घास जात होता. पण लेकरू गप्प झालं होतं. पूर्वी वेणी घालताना तिची जीभ टाळ्याला लागायची नाही. कावळ्यानं काय नेलं, कुणी कुणाला चिमटा काढला, बायजा झोपेत कशी घोरते. आता ते सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते आणि ऐकायला माझ्याजवळ नव्हते. वेणीचे पेड घालायचे आणि ग्रीन रिबन, रेड रिबन म्हणायचं. त्यापुढं दोघींची गाडी जायची नाही.

मग ती धुण्याच्या दगडाजवळची गोष्ट झाली. शेवाळावर तिचा पाय सरकला आणि गुडघा दगडावर आपटला. चांगलीच खोक पडली, रक्त पार पोटरीवर आलं. मी धुणं टाकून धावले. ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून माझ्याकडं बघत होती. कुठला शब्द म्हणायचा ते आठवत होती हो ती. रक्त वाहतंय आणि पोर शब्द शोधतीय. मला नियम आठवला नाही, नलूताई आठवल्या नाहीत, मुकुंदसुद्धा आठवला नाही. उचलून छातीशी धरली आणि म्हटलं, "लागलं का गं माझ्या राणीला? रड गं बाई, रड. मावशी आहे ना." तेव्हा कुठं ती रडली. "मावशी, लई दुखतंय गं," म्हणाली आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. किती दिवसांनी मावशी ऐकलं मी.

मागं नलूताई उभ्या होत्या.

त्यांनी आधी जखम धुऊन पट्टी बांधली. मग तिथंच, केतकीसमोर मला बोलल्या. आवाज चढवला नाही, त्या कधी चढवत नसत. सगळी संस्था राबतीय आणि तुमच्या एकट्या लाडापायी सगळं पाण्यात जाणार, म्हणाल्या. उद्या तिकडं हिला काही झालं आणि सांगता आलं नाही तर कुणाला विचारायचं, म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "अनसूयाबाई, तुम्ही पुन्हा हिच्याशी मराठी बोललेलं माझ्या कानावर आलं, तर मी तुम्हाला इथं ठेवणार नाही."

मला जायला दुसरी जागा नव्हती. भावानं दार कधीच लावून घेतलं होतं. मी पदरात तोंड घालून रडले, दगडावर बसून, एवढी मोठी बाई. केतकी पट्टी बांधलेला पाय पुढं करून माझ्याकडं बघत होती.

त्या दिवसापासनं ती माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलली नाही. आसपास कुणी नसतानाही नाही. माझी सवय मोडेना, कधी चुकून "केती, इकडं ये" तोंडातनं निघायचं, तर लगेच ओठावर बोट ठेवायची. "नो मराठी, आंटी." डोळे मोठे करून म्हणायची. मला वाटलं, झालं, शिकली पोर. चांगलीच शिकली. आता हिला आपली गरज उरली नाही. त्यात आनंद मानायचा तर मला तो मानता येईना, उलट रागच यायचा. सहा वर्षं जिवाचं रान केलं आणि महिन्या-दोन महिन्यांत मी आंटी झाले.

एप्रिलात ते दोघं आले. बाईचं नाव रूथ. उंच, केस गवतासारखे, उन्हानं तोंड टोमॅटोसारखं झालेलं. नवरा डेव्हिड भला माणूस, पण लाजरा, सारखा चष्मा पुसायचा. आम्ही सगळ्याजणी व्हरांड्यात ओळीनं उभ्या होतो. केतकीला पिवळा फ्रॉक घातला होता. प्रज्ञाबाईच्या कपाळावर घाम होता, परीक्षा तिचीच असल्यासारखा.

बायजानं पाण्याचा तांब्या-पेला आणला. रूथनं पेला घेतला, स्वतः प्याली नाही. खाली गुडघ्यावर बसली आणि केतकीपुढं पेला धरून म्हणाली, "केटकी, टुला पानी पायजे?"

आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडं बघायला लागलो. न्यूझीलंडला त्यांच्या गावात कोल्हापूरकडचं एक डॉक्टरांचं कुटुंब होतं. त्या डॉक्टरीणबाईकडं दर रविवारी जाऊन ही मराठी शिकत होती म्हणे. इकडं आम्ही पोरीच्या तोंडातनं पाणी हा शब्द काढून टाकत होतो आणि तिकडं ती बाई तो घोकत होती.

केतकीनं आधी नलूताईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग शिकवल्यासारखी म्हणाली, "येस प्लीज. वॉटर."

रूथनं मान हलवली. "नाही नाही. पानी. टू बोल. मी शिकते."

केतकीनं पुन्हा नलूताईंकडं बघितलं. नलूताईंना हसू आलं, डोळेही भरले. म्हणाल्या, "चालेल बाळा. यांच्याशी मराठी बोललीस तरी चालेल."

"पाणी," केतकी म्हणाली. अगदी हळू. मग पेला दोन्ही हातांनी धरून घटाघटा प्याली, आणि त्यानंतर ती जी बोलायला लागली ती थांबेना. आठवडाभर ते दोघं संस्थेतच पाहुण्यांच्या खोलीत राहिले. केतकी रूथचं बोट धरून सगळीकडं हिंडवायची. हे बघ आई, इथं मांजरीला पिल्लं झाली. हे बघ आई, इथं मी पडले. पहिल्या दिवशी मम्मी म्हणाली, तर रूथनंच तिला आई म्हणायला लावलं. त्या बाईला निम्मंअर्धंही कळत नसेल, पण मान हलवून ऐकायची. साठलेलं सगळं बोलणं, कावळे आणि चिमटे आणि बायजाचं घोरणं, तिच्या पदरात पडलं. पदर म्हणजे आपलं बोलायची रीत, ती पँटच घालायची.

मला मात्र अजून, आंटी, टॉवेल प्लीज.

मी एकदा वेणी घालताना धीर करून म्हटलं, "केती, आता नियम संपला गं. माझ्याशी बोल की मराठी." ती आरशातनं दाराकडं बघायला लागली आणि ओठावर बोट ठेवलं. मी वेणीचा पेड जरा जोरातच ओढला. ती ओरडली नाही.

जायच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला बसले होते. नलूताई, प्रज्ञाबाई, ते दोघं, मधे केतकी. मी वाढत होते. केतकी मला म्हणाली, "आंटी, मोअर राईस प्लीज." रूथला ते विचित्र वाटलं असावं. तिनं विचारलं, "केटकी, मावशीशी मराठी का नाही बोलत?"

केतकीनं ताटाकडं बघत उत्तर दिलं. "तिला मराठी येत नाही."

सगळे हसले. प्रज्ञाबाईला तर ठसका लागला. मी भाताचं पातेलं तिथंच ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. मला मराठी येत नाही. तिला ज्या भाषेत जोजवलं, ज्या भाषेत देवाजवळ तिचा जीव मागितला, ती मला येत नाही. बायजा समजूत घालायला आली तर मी तिच्यावरच तडकले. म्हटलं, परक्याचं लेकरू ते परक्याचंच. असं बोलू नये, पण बोलले.

सकाळी गाडी आली. आमच्याकडं एक पद्धत आहे. लेकरू जायला निघालं की उंबऱ्यात उभं करून ओवाळायचं, हातावर दही-साखर द्यायची, आणि मग त्यानं म्हणायचं, येते हं मावशी. जाते म्हणायचं नाही. परत येणारं कुणी नसतं, हे आम्हाला ठाऊक असतं, तरी म्हणून घ्यायचं. त्यावर आम्ही म्हणायचं, ये हं. जे लेकरू ज्या मावशीनं वाढवलं, तिनं ये म्हणायचं. तेवढ्यावर आम्ही पुढची वर्षं काढतो.

नलूताईंनी ताट धरलं, मी ओवाळलं. कुंकू लावताना ते जरा नाकावर आलं. तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तिनं चाटून खाल्ली. मी वाट बघत उभी राहिले.

केतकीनं ताट धरलेल्या नलूताईंकडं एकदा बघितलं. मग हात पुढं केला, माझा हात धरला आणि प्रज्ञाबाईनं शिकवलं होतं तसं, एकही चूक न करता म्हणाली, "थँक यू, आंटी. बाय-बाय."

माझ्या तोंडातलं ये तोंडातच राहिलं. येते म्हणालीच नाही तर ये कशाला म्हणू? मी बाय-बाय म्हटलं. तो शब्द येत होता मला. ती वळली, पायऱ्या उतरली आणि गाडीत रूथच्या मांडीवर जाऊन बसली. दार लागलं. गाडी फाटकाबाहेर पडून वळणावर गेली, आणि थांबली.

दार उघडून रूथ उतरली आणि पळत परत आली. मला वाटलं, काहीतरी विसरलं. ती धापा टाकत नलूताईंपुढं उभी राहिली. बोटांवर शब्द मोजत, अडखळत बोलायला लागली.

"टाई, केटकी सांगते. मावशीला रागावू नका. मावशी मराठी नाही बोलली. एकदा पण नाही बोलली. केटकी पण नाही बोलली." मग थांबली. पुढचं आठवलं. "मावशीला इथं ठेवा. घालवू नका."

तिला स्वतःला त्यातलं काय कळलं होतं कुणास ठाऊक. आमच्या तोंडांकडं बघत तिनं विचारलं, "बरोबर? बरोबर सांगितलं मी?"

नलूताईंनी नुसती मान हलवली. नियम उठला, हे केतकीला आमच्यापैकी कुणी सांगितलंच नव्हतं. यांच्याशी बोल, एवढंच सांगितलं होतं. मी सांगितलं होतं, पण माझं कसं खरं धरणार ती, मी तर चुकणारी, बोलणी खाणारी. रूथ परत पळत गेली. गाडीच्या मागच्या काचेतनं एक पिवळी बाही दिसली, आणि गाडी वळली.

नलूताईंच्या हातातलं ताट कलंडलं, निरांजन विझलं. त्या उंबऱ्यातच खाली बसल्या. मी पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर धूळ तेवढी होती.

"ये हं केती," मी म्हटलं. "ये गं माझ्या राणी."

मराठीत म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं. मला कुणी रागावलं नाही.